मानसशास्त्रीय तपासणी आणि निदान : निर्णय कसा व्हावा, कुटुंबाने काय पाहावे

शाळेकडून चिठ्ठी येते, 'पाल्याची मानसशास्त्रीय तपासणी करून घ्यावी.' किंवा आजोबांच्या कागदावर डॉक्टर 'स्मृती तपासणी' असे लिहून देतात. पुढचे आठ-पंधरा दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मग तासा-दोन तासांची तपासणी होते, चार पानांचा इंग्रजी अहवाल हातात पडतो आणि त्यातल्या एका ओळीवर मुलाची शाळा, मुलीचे लग्न, वडिलांच्या सह्या हे सगळे ठरू लागते. ती ओळ कशी तयार होते, ती किती भक्कम आहे हे विचारायचे मात्र राहून जाते. विचारणे उद्धटपणाचे वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. चांगला तज्ज्ञ या प्रश्नांची उत्तरे आनंदाने देतो, कारण हेच प्रश्न त्याने स्वतःला आधी विचारलेले असतात.

हा लेख सभासदांना घरच्या घरी निदान करता यावे म्हणून लिहिलेला नाही. निदान करणाऱ्याचा विचार कोणत्या पायऱ्यांनी जायला हवा आणि तो कुठे घसरतो, एवढेच येथे सांगायचे आहे. दाखले शक्यतो आपल्या भागातले घेतले आहेत, कारण घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि बाजारात व सरकारी कचेरीत कन्नड अशा तीन भाषांत जगणाऱ्या माणसाची तपासणी हे स्वतंत्र प्रकरण आहे.

तपासणारा कोण

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. झाल्यावर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषध देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतो, अहवाल लिहितो, मानसोपचार करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते. नोंदणी क्रमांक अहवालाखाली छापलेला असतो. नसेल तर विचारावा. समुपदेशक आणि विशेष शिक्षक हे मोलाचे लोक आहेत, पण बुद्धिगुणांकाचा दाखला देणे हे त्यांचे काम नाही. एवढे पुरे. खरा विषय पुढे आहे.

आधी प्रश्न, मग चाचणी

तपासणीची सुरुवात चाचणीने होत नाही, प्रश्नाने होते. 'मुलाचा आय.क्यू. काढून द्या' हा प्रश्न नव्हे. 'चौथीतला मुलगा तोंडी गणिते पटापट सोडवतो, पण धडा वाचताना अडखळतो, असे का?' हा प्रश्न. एकदा प्रश्न असा नेमका झाला की त्याची चार-पाच उत्तरे समोर मांडता येतात. डोळ्यांचा नंबर असेल. कानात दोष असेल. माध्यम बदलल्यामुळे भाषाच पक्की झाली नसेल. वाचनाची अध्ययन अक्षमता असेल. किंवा घरात काही बिनसले असेल आणि मुलाचे चित्त थाऱ्यावर नसेल. मग प्रत्येक शक्यता खोडून काढायला काय लागेल ते पाहायचे. 'खोडून काढायला' हे आम्ही मुद्दाम म्हणतो. आपल्याला पटलेल्या शक्यतेला दुजोरा देणारे पुरावे गोळा करणे फार सोपे असते; ती खोटी ठरवू शकेल असा पुरावा शोधणे हे कष्टाचे, पण खरे काम.

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांपैकी एक आहे. तिच्या तपासणीसाठी केंद्र सरकारने २०१८ साली काढलेल्या सूचनांत क्रम ठरवून दिला होता. आधी बालरोगतज्ज्ञाने तपासायचे, त्यात नजर आणि श्रवण आले, मग बुद्धिमापन, त्यानंतर वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. हा क्रम कागदोपत्री सोपस्कार नाही. ज्या मुलाला फळा नीट दिसत नाही त्याला डिस्लेक्सियाचा शिक्का बसू नये, यासाठी तो आहे. त्याच सूचनांत प्रमाणपत्रासाठी ८, १४ आणि १८ या वयांत पुन्हा तपासणी सांगितली होती. मूल वाढते, बदलते. निदान ही त्या दिवसापर्यंतच्या पुराव्यावर काढलेली नोंद असते.

आपल्याच मुलखातली एक पट्टी

बुद्धिमापनाची पहिली उपयोगी पट्टी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी फ्रान्समध्ये १९०५ साली तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत कोणाला लागेल हे ओळखणे, एवढाच तिचा हेतू होता. १९१६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी तिची नवी आवृत्ती काढली आणि ती जगभर गेली. येथपर्यंतची गोष्ट मानसशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. पुढची गोष्ट मात्र आपल्या घरातली आहे आणि आपल्यातल्या फार थोड्यांना ती ठाऊक आहे.

बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यात होते. त्यांना बॉम्बे-कर्नाटक म्हणत. या भागातल्या मुलांसाठी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड-बिने पट्टीचे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत रूपांतर केले. त्यांचे 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन' हे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९४० मध्ये काढले. आज देशभरच्या दवाखान्यांत जिला 'बिने-कामत चाचणी' म्हणतात ती हीच. सीमाभागातल्या दोन भाषांतून निघालेली पट्टी भारतभर वापरली जावी याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

कामतांचे काम भाषांतरापुरते नव्हते, कारण भाषांतराने भागत नाही. एक उदाहरण पाहा. टर्मनच्या पट्टीत आठ वर्षांच्या मुलाने वीसपासून उलटे आकडे म्हणायचे, असा एक भाग होता. इंग्रजीत नाइन्टीन, एटीन, सेव्हन्टीन असे सरळ उतरता येते. कन्नडमध्येही हत्तोंबत्तु, हदिनेंटु, हदिनेळु या शब्दांत दहा आणि वरचा आकडा स्पष्ट ऐकू येतो. मराठीत वीसनंतर 'एकोणीस' येते, म्हणजे विसाला एक कमी. मग अठरा, सतरा, सोळा, प्रत्येकाचे रूप निराळे. एकच काम तीन भाषांत सारखे कठीण राहत नाही. म्हणून प्रत्येक प्रश्न त्या भाषेतल्या, त्या भागातल्या मुलांना प्रत्यक्ष विचारून, कोणत्या वयाला किती मुलांना तो येतो हे पाहूनच पट्टीत कुठे बसवायचा ते ठरते. या तुलनेच्या आकड्यांना मानके म्हणतात. मानकांशिवाय चाचणी म्हणजे खुणा नसलेली फूटपट्टी.

विदर्भातही असेच एक काम झाले. नागपूरला डॉ. आर्थर मॅलिन यांनी वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या पट्टीचे भारतीय रूप १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. रोजच्या जगण्यातली कौशल्ये मोजणाऱ्या व्हाइनलँड पट्टीचे नागपुरी रूपही त्यांचेच. अहवालात 'बी.के.टी.', 'मिस्क' किंवा 'व्ही.एस.एम.एस.' अशी अक्षरे दिसली तर ती या तीन साधनांची आहेत.

आता अडचण. बिने-कामतची चौथी आवृत्ती १९६७ ची आहे आणि मॅलिन यांची मानके त्याच काळातली. तेव्हाची मुले आज आजी-आजोबा झाली. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की अमेरिकेत दर दहा वर्षांनी सरासरी गुण सुमारे ३ ने वर सरकत होते. म्हणजे जुन्या मानकांवर मोजले तर आजचे मूल आहे त्यापेक्षा हुशार दिसण्याची शक्यता असते आणि ज्याला खरेच मदत हवी ते मूल निसटू शकते. उलट, जुन्या पट्टीतले शब्द, नाणी, वस्तू मुलाने कधी पाहिलेल्याच नसतील तर गुण खाली येतात. दोन चुका विरुद्ध दिशांना ओढतात. त्या एकमेकींना फेडतील असे गृहीत धरता येत नाही. म्हणून जुनी साधने वापरताना तज्ज्ञाने आकड्यावर कमी आणि मुलाने कोणता प्रश्न कसा सोडवला यावर जास्त भर द्यावा, असे आमचे मत आहे. कोणती चाचणी, कोणत्या भाषेत, कोणत्या आवृत्तीने घेतली हे अहवालात लिहिलेले असलेच पाहिजे.

भाषेचा मुद्दा वाचनाच्या तपासणीत आणखी टोकदार होतो. इंग्रजीत २६ अक्षरे असतात. देवनागरीत आणि कन्नड लिपीत काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरे धरली तर मुलाला शेकडो आकृत्या ओळखाव्या लागतात. डॉ. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा ही ओळख पक्की व्हायला चौथी आणि त्याही पुढचा काळ लागतो असे दिसले. मग दुसरीतल्या मुलाला जोडाक्षर जमत नाही म्हणून घाबरायचे कारण नाही. जे मूल इंग्रजी माध्यमात आहे आणि मराठी फक्त घरी बोलते, त्याची मराठी वाचनाची चाचणी घेऊन अक्षमता ठरवणेही योग्य नाही. ज्या लिपीचे शिक्षणच झाले नाही तिच्यात ते मागे असणारच. उलट घरची मराठी पक्की असताना केवळ इंग्रजीत तपासून 'भाषाविकास कमी' असा शेरा मारणे तितकेच चुकीचे. दोन्ही भाषांत अडचण असेल तर ती अडचण मुलाची. एकाच भाषेत असेल तर आधी शिकवण्याकडे पाहावे.

एका आकड्यावर विसंबू नये

बुद्धिगुणांकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरले जाते. ७० च्या खाली लोकसंख्येतले साधारण दोन-अडीच टक्के लोक येतात. समजा, अहवालात ६८ आले. वाचणाऱ्याला वाटते, ७० च्या खाली म्हणजे निकाल लागला. पण कोणतीही चाचणी पुन्हा घेतली तर गुण थोडे इकडे-तिकडे होतात. झोप झाली नव्हती, तपासणारा अनोळखी होता, खोलीत पंखा कुरकुरत होता. ही हालचाल किती याचा अंदाज चाचणी करणाऱ्यांनी दिलेला असतो. ती प्रमाण त्रुटी ३ गुणांची असेल, तर ६८ चा अर्थ '९५ टक्के खात्रीने ६२ ते ७४ च्या दरम्यान' असा होतो. ७४ ही रेषेच्या वरची बाजू आहे. ज्या अहवालात नुसता ६८ असतो आणि पल्ला नसतो तो अर्धा अहवाल.

शिवाय बौद्धिक अक्षमतेचे निदान केवळ आकड्यावर करता येतच नाही. मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, दुकानातून उरलेले पैसे मोजून आणते का, कोणाशी कसे बोलावे हे त्याला कळते का, हेही तितक्याच काटेकोरपणे पाहावे लागते. आणि हे सारे वाढीच्या वयात सुरू झालेले असावे लागते. चंचलतेच्या, म्हणजे ए.डी.एच.डी.च्या निदानासाठी लक्षणे बाराव्या वर्षाआधीची हवीत आणि दोन किंवा अधिक ठिकाणी दिसायला हवीत. शाळेत खोड्या काढणारा, पण आजीजवळ तासभर बसून गोष्ट ऐकणारा मुलगा चटकन त्या चौकटीत बसत नाही. म्हणून आई, वडील, शिक्षक, शक्य तर आजी-आजोबा, अशा सगळ्यांशी स्वतंत्रपणे बोलायला हवे. त्यांची उत्तरे जुळली नाहीत तर तो त्रास समजू नये, तीच माहिती.

विरळा गोष्ट आणि वारंवार घडणारी

शाळांतून, शिबिरांतून प्रश्नावल्या भरून घेतात. मोबाईलवरही आता 'तुमच्या मुलाला ऑटिझम आहे का?' अशा चाचण्या फिरतात. त्यांचा निकाल कसा वाचावा हे कळण्यासाठी एक हिशेब कागदावर करून पाहा. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

१,००० मुले आहेत. त्यांतल्या २० जणांना एखादा विकार खरोखर आहे. प्रश्नावली चांगली आहे : असलेल्या १०० पैकी ९० जणांना पकडते आणि नसलेल्या १०० पैकी फक्त १० जणांवर चुकीचे बोट ठेवते. तर २० पैकी १८ सापडतील. उरलेल्या ९८० पैकी मात्र ९८ जणांवर विनाकारण बोट ठेवले जाईल. एकूण ११६ मुलांच्या घरी 'शक्यता आहे' अशी चिठ्ठी जाईल आणि त्यांतल्या १८ जणांनाच विकार असेल. म्हणजे चिठ्ठी आलेल्या दर सहा-सात मुलांपैकी एक.

नव्वद टक्के अचूक प्रश्नावलीचा हा निकाल! दोष तिचा नाही. गोष्ट विरळा असली की असेच होते. हा मुद्दा पॉल मील आणि अल्बर्ट रोझेन यांनी १९५५ मध्येच मांडला होता, तरी आजही तो पुन्हा पुन्हा विसरला जातो. प्रश्नावली चाळणीचे काम करते. चाळणीत राहिलेले सगळे खडे नसतात. चिठ्ठी आली तर पुढची सविस्तर तपासणी जरूर करावी, पण नातेवाइकांना फोन करून रडू नये. आणि दुसरी बाजूही आहे. हिशेबात दोन मुले सुटली. 'प्रश्नावलीत काही निघाले नाही' म्हणून आईच्या मनातली रुखरुख झटकून टाकू नये.

जाणत्याचे मनही चकते

अनुभवी माणसाला 'बघताच कळते', असा आपल्याकडे मोठा विश्वास आहे. नाडी धरली की रोग ओळखणाऱ्या वैद्यांच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. मनाच्या बाबतीत या विश्वासाची परीक्षा बरीच झाली आहे, आणि निकाल फारसा दिलासा देणारा नाही.

वर आलेले पॉल मील हे मिनेसोटाचे मानसशास्त्रज्ञ. स्वतः रुग्ण तपासणारे, मानसोपचार करणारे. त्यांनी १९५४ मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. एकाच माहितीवरून अंदाज बांधायचा, एकदा तज्ज्ञाच्या अंतःप्रेरणेने आणि एकदा ठरीव सूत्राने. कोण जास्त बरोबर येतो? तोवरचे वीसएक अभ्यास पाहून त्यांनी सांगितले की सूत्र बरोबरीने किंवा वरचढ ठरते. तज्ज्ञ मंडळी चिडली. २००० साली ग्रोव्ह आणि सहकाऱ्यांनी १३६ अभ्यास एकत्र केले, तेव्हाही सूत्राने काढलेले अंदाज सरासरीने सुमारे दहा टक्के अधिक अचूक निघाले. याचा अर्थ यंत्राच्या हाती माणूस सोपवावा असा आम्ही काढत नाही. माहिती गोळा करणे, माणसाला बोलते करणे, काहीतरी वेगळेच घडत असल्याचे हेरणे, ही कामे माणूसच करू शकतो. पण गोळा केलेल्या माहितीचे वजन करताना ठरलेले निकष आणि क्रम पाळावेत; 'मला वाटते' याला शेवटी जागा द्यावी, सुरुवातीला नाही.

अंतःप्रेरणा का फसते याचा सुंदर प्रयोग लॉरेन आणि जीन चॅपमन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळी माणसाचे चित्र काढायला सांगून त्यावरून स्वभाव ओळखत असत. संशयी माणूस चित्रात डोळे मोठे किंवा विचित्र काढतो, अशी समजूत होती. चॅपमन यांनी विद्यार्थ्यांना चित्रे दाखवली आणि प्रत्येक चित्राखाली लक्षणे लिहिली, पण चित्र आणि लक्षण यांचा काहीही संबंध राहणार नाही अशी काळजी घेऊन. तरी विद्यार्थ्यांनी सांगितले : संशयी लोकांच्या चित्रांत डोळे विचित्र होते, आम्ही पाहिले! जे मनात आधीच जोडलेले असते तेच डोळ्यांना दिसते. आजही चित्रावरून किंवा हस्ताक्षरावरून मुलाचे 'व्यक्तिमत्त्व' सांगणारे भेटतात. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायची गरज नाही. त्यांना खरोखरच तसे दिसते.

आणि आपल्याला ते पटते का? बर्ट्राम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली, प्रत्येकाला स्वतंत्र स्वभाववर्णन दिले आणि ते किती जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. वर्णन सगळ्यांना एकच दिलेले होते आणि ते त्यांनी ज्योतिषाच्या एका पुस्तकातून जुळवले होते. हा प्रयोग १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. 'अहवाल अगदी आमच्या बंड्यासारखाच आला' हा त्यामुळे अचूकतेचा पुरावा होत नाही. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारी 'डी.एम.आय.टी.' नावाची तपासणी आपल्या शहरांत बरीच खपते. तिला शास्त्रीय आधार नाही, अशी भूमिका इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१९ मध्ये जाहीर केली आहे. सभासदांनी त्या पैशांची पुस्तके घ्यावीत.

'जीव नकोसा झालाय'

मराठी माणूस आपले दुःख शरीराच्या भाषेत सांगतो. छातीत धडधडते, डोक्याला मुंग्या येतात, अंगातून वाफा निघतात, जिवाला चैन नाही. 'मी उदास आहे' असे आपल्या आजीने कधी म्हटल्याचे आठवते का? म्हणून नैराश्य हृदयाच्या आणि पोटाच्या तपासण्यांत महिनोन्महिने हरवून जाते. उलटही होते : थायरॉइडचा दोष किंवा रक्तक्षय असतो आणि 'टेन्शन आहे' म्हणून गोळी दिली जाते. शरीराची कारणे आधी पाहावीत, पण तिथेच थांबू नये.

एक वाक्य मात्र वेगळे काढून सांगतो. 'जीव नकोसा झालाय' हे आपण गर्मीलाही म्हणतो आणि खरोखर मरणाच्या दारात उभे असतानाही म्हणतो. शब्दांवरून फरक कळत नाही. विचारावे लागते, सरळ आणि शांतपणे : 'जिवाचे काही बरेवाईट करावे असे मनात येते का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. तपासणाऱ्याला मराठी नीट कळत नसेल, तर दुभाषा म्हणून घरच्याच माणसाला बसवणे या प्रश्नापुरते तरी टाळावे. सुनेसमोर सासू आणि आईसमोर मुलगी खरे सांगेलच असे नाही.

सौंदत्तीच्या यात्रेत किंवा घरच्या गोंधळात कोणाच्या अंगात येते. त्याला आजार म्हणायचे का? आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही जे वर्तन त्या समाजाच्या श्रद्धेचा मान्य भाग आहे ते विकार धरले जात नाही. तेच वर्तन यात्रेबाहेर, नको असताना, पुन्हा पुन्हा घडू लागले आणि माणसाचे खाणे-झोपणे-काम बिघडले, तर तपासणी हवी. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही हे स्पष्ट केले आहे : कोणाची सामाजिक वा आर्थिक स्थिती, जात, पंथ, राजकीय मत, किंवा कुटुंबाच्या रीतिरिवाजांशी न जुळणारे वागणे हे मानसिक आजार ठरवण्याचे कारण होऊ शकत नाही. पसंतीविरुद्ध लग्न ठरवणाऱ्या मुलीला 'डॉक्टरला दाखवा' म्हणणाऱ्यांनी हे कलम वाचावे. पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यावरून आजही आजारी ठरवता येत नाही, हेही त्याच कलमात आहे.

घरातले वृद्ध

स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत बहुतेक ठिकाणी 'एम.एम.एस.ई.' ही १९७५ ची अमेरिकी प्रश्नावली किंवा तिचे रूप वापरतात. ३० गुणांची असते. तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, वाक्य लिहायला सांगतात. आता चौथी शिकलेल्या आजींना इंग्रजी तारीख कधीच लागली नाही. त्यांना तिथी ठाऊक असते, आज संकष्टी आहे हे ठाऊक असते. त्यांचे गुण गेले ते स्मृतीमुळे की शाळेमुळे? याउलट निवृत्त मुख्याध्यापक त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असे धडाधड उतरतात आणि ३० पैकी २८ मिळवतात, पण गेल्या सहा महिन्यांत दोनदा गॅस चालू ठेवून फिरायला गेलेले असतात. शिक्षणाने एकाचे गुण फुगतात, दुसऱ्याचे घटतात. हीच अडचण ओळखून हरियाणातल्या बल्लभगडच्या वृद्धांसाठी, ज्यांत निरक्षर बरेच होते, हिंदी रूप तयार करण्यात आले. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून तज्ज्ञाने माणसाची तुलना आधी त्याच्या स्वतःशी करावी. पूर्वी पुरणपोळीचा घाट एकटीने घालणारी बाई आता पुरणाला काय लागते ते विसरते का? दूधवाल्याचा हिशेब चुकतो का? हे आपणच सांगू शकतो आणि ते तारखांसह लिहून न्यावे.

स्मृतिभ्रंश असे म्हणण्याआधी ऐकू येते का, दिसते का, बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड ठीक आहे का, झोपेच्या किंवा इतर गोळ्यांचा परिणाम आहे का, आणि नैराश्य आहे का, हे पाहिलेच पाहिजे. यांतल्या बऱ्याच गोष्टी सुधारतात. जोडीदार गेल्यानंतरच्या वर्षात आलेला विसराळूपणा तर फार सांभाळून तपासावा.

निदान पक्के झाले तरी त्याचा अर्थ माणसाला आता काही समजत नाही असा नाही. मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यानेच कोणी 'मनोविकल' ठरत नाही, ते न्यायालयाने ठरवायचे, असे २०१७ चा कायदा सांगतो. बँकेचा फॉर्म, घराचा कागद, मृत्युपत्र, प्रत्येक बाबीत त्या वेळी त्या माणसाला काय समजते हे वेगळे पाहावे लागते. सातबाऱ्यावर डोळा ठेवून मिळवलेला स्मृतिभ्रंशाचा दाखला हा आपल्या समाजात नवीन प्रकार नाही. तपासणाऱ्यानेही दाखला कोणाला आणि कशासाठी हवा आहे हे विचारून घ्यावे.

अहवाल हातात आल्यावर

तज्ज्ञाला वेळ मागून घ्या आणि अहवाल त्यांच्याकडून मराठीत समजून घ्या. कोणती शक्यता नाकारली आणि कशावरून, हे विचारा. कोणत्या गोष्टीबद्दल त्यांना खात्री नाही, हेही विचारा. 'सगळ्याबद्दल खात्री आहे' असे उत्तर आले तर दुसरे मत घेण्यास हरकत नाही. शेवटच्या पानावर पुढे काय करायचे ते असावे : शाळेत पहिल्या बाकावर बसवणे, परीक्षेत जादा वेळ, वाचनाचा सराव कसा, पुन्हा तपासणी केव्हा. नुसते नाव देऊन थांबलेला अहवाल मुलाच्या काही कामाचा नाही. उपचारांच्या नोंदी पाहण्याचा आणि त्या गुप्त राहण्याचा हक्क कायद्याने आहे. मुलाचा अहवाल शाळेच्या पालक-ग्रुपवर टाकू नका.

लवकर पुन्हा तीच चाचणी दुसरीकडे करून घेऊ नका. प्रश्न पाठ होतात आणि गुण वाढतात. दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाताना पहिला अहवाल सोबत न्या, पण आधी त्यांना स्वतः तपासू द्या आणि मग दाखवा. पहिले मत वाचले की दुसरे मत त्याच्याकडेच झुकते.

बेळगावकरांना सर्वात जवळची मोठी सरकारी संस्था धारवाडची डिमहान्स. सविस्तर तपासणीसाठी बेंगळुरूचे निमहान्स, बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठी म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था. गोव्यातल्या सभासदांसाठी बांबोळीची मनोरुग्ण व मानवी वर्तन संस्था आहे आणि हैदराबादकडच्या कुटुंबांना बौद्धिक अक्षमतेसाठी सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था जवळ पडते. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावे असा प्रश्न पडला तर केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. तेथे मराठीतही बोलता येते.